उलट्या खुर्च्यांची तेजी

मंदी संपली. अर्थव्यवस्थेने मान वर काढली असून आता तिला मागे वळून बघण्याचं काही कारण उरलेलं नाही, असं त्या सकाळी सगळ्या देशाला सांगण्यात आलं. आम्हाला ते जरा उशिरा कळलं, कारण दुकानातल्या टीव्हीला आवाज नव्हता. चित्र होतं. कोट घातलेले एक गृहस्थ हसत होते आणि त्यांच्या मागे एक हिरवा बाण तिरका वर चढत होता.

"काय म्हणतोय तो?" मी विचारलं.

"बाण वर चाललाय म्हणजे उकाडा वाढणार असेल," माझा धाकटा भाऊ म्हणाला आणि हातातल्या फडक्याने खुर्ची पुसू लागला.

हा माझा भाऊ जुन्या ऑफिस-फर्निचरचा व्यापारी. गल्लीत त्याला सगळे 'अध्यक्ष' म्हणतात. ज्याच्याकडे इतक्या खुर्च्या आहेत त्याला दुसरं काय म्हणणार? त्याचा धंदा समजायला सोपा आहे. एखादं ऑफिस बंद पडलं की तिथलं सामान उचलून आणायचं, झटकायचं, पुसायचं, आणि नवं ऑफिस उघडलं की त्यांना विकायचं. यातला पहिला अर्धा धंदा बरेच दिवस जोरात चालला होता. दुसऱ्या अर्ध्याची तो वाट बघत होता.

त्याच्या दुकानात शिरलं की आधी पाय दिसतात. खुर्चीच्या बैठकीवर धूळ बसता कामा नये, असा त्याचा कडक नेम आहे. म्हणून आलेली प्रत्येक खुर्ची तो टेबलावर उलटी घालून ठेवतो, चाकं छताकडे. एकावर एक अशा त्या खुर्च्या छतापर्यंत गेल्या होत्या आणि मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट उरली होती. मी निवृत्त झाल्यापासून रोज तिथे जाऊन बसतो. सख्ख्या भावाकडे एवढ्या खुर्च्या असताना घरी बसणं बरं दिसत नाही.

समोरचा न्हावी दारात येऊन उभा राहिला. गिऱ्हाईक नसलं की तो आमच्याकडे येतो, म्हणजे तो बहुतेक आमच्याकडेच असतो.

"संपली म्हणे मंदी," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"माझ्या टीव्हीला आवाज आहे."

"मग?"

"मग काय. ती दर तिमाहीला संपते. पण एकदा संपून गेली की सांगून तरी जावं माणसाने. लोकांना केस वाढवायची सवय लागली हो. परवा एक जण आला, मला वाटलं कापायला आला. शेंडीला बांधायला रबर आहे का, विचारत होता."

तेवढ्यात आमची भाची आली. आम्हा दोघांच्या मधल्या बहिणीची ही मुलगी. बातम्यांच्या वाहिनीत लागली होती, पण अजून कच्ची, म्हणजे तात्पुरती. आत येताना तिने एक उलटी खुर्ची सरळ करून तिच्यात अंग टाकलं. अध्यक्षांच्या कपाळावर आठी आली, पण भाची असल्यामुळे ती तिथेच विरली.

"मामा," ती म्हणाली, "मला शुक्रवारच्या आत एक असा धंदा दाखवा, जो वाढतोय."

"कुठला?"

"कुठलाही. तेजी दाखवायचीय. आमच्या मुख्य संपादकांनी सगळ्या तात्पुरत्या लोकांना एकेक विभाग वाटून दिलाय. म्हणाले, आपापल्या भागातून तेजी घेऊन या. जो आणेल तो कायम. बाकीच्यांचे आभार."

इथे तिच्या वाहिनीबद्दल सांगायला हवं. ज्या उद्योगसमूहाची ती वाहिनी, त्याच समूहाचं सिमेंट, त्याचाच साबण आणि त्याचाच विमा. सकाळी त्यांच्या साबणाने तोंड धुऊन माणूस त्यांच्या बातम्या बघायला बसला की थोड्या वेळाने आपोआप त्यांच्याच विम्याचा विचार करू लागतो. तर या समूहाला आपले शेअर बाजारात आणायचे होते, आणि त्याआधी सगळीकडे जरा उत्साहाचं वातावरण असलं तर बरं, असं वरच्या मजल्यावर ठरलं होतं. वातावरण तयार करण्याचं काम बातम्यांच्या मजल्यावर आलं होतं.

"फिरलीस का कुठे?" मी विचारलं.

"पाय तुटले, मोठे मामा. व्यायामशाळेत गेले तर दोघेच होते, त्यातला एक मालक. शिलाई मशीनवाला म्हणाला, धंदा जोरात आहे. मी खूश झाले. मग कळलं, विक्रीचा नाही, दुरुस्तीचा. लोक आजीची मशीन काढून आणतायत. लग्नाचे फोटो काढणारा म्हणाला, वाढलाय धंदा, पण आता पासपोर्ट फोटोचा. सगळ्यांना कुठेतरी जायचंय."

"आमच्याकडे नाही आलीस," न्हावी दुखावून म्हणाला.

"तुमच्याकडे बघूनच पुढे गेले, काका."

बाहेर हॉर्न वाजला. लॉरी आली होती. अध्यक्षांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि ते लगबगीने बाहेर गेले. लॉरी गच्च भरली होती, वरून दोरखंड आवळलेले होते, तरी दोन खुर्च्या मागे लोंबत होत्या. हमाल उतरवू लागले. त्या लॉरीमागे आणखी एक लॉरी येऊन उभी राहिली आणि न्हाव्याच्या दाराशी अडली म्हणून न्हावी भांडायला गेला. कुणाशी तरी बोलायला मिळालं, म्हणून तो मजेत होता.

भाची हळूहळू उठली. तिने छतापर्यंत गेलेल्या खुर्च्यांकडे बघितलं, लॉऱ्यांकडे बघितलं, आणि घामाने निथळणाऱ्या मामाकडे बघितलं.

"मामा," ती म्हणाली, "तुमचा धंदा वाढलाय."

"वाढलाय की. ठेवायला जागा नाही."

"मी कॅमेरा घेऊन येते."

अध्यक्षांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग ते म्हणाले, "हे बघ, मी खोटं बोलणार नाही."

"खोटं कोण म्हणतंय? धंदा वाढलाय का?"

"वाढलाय."

"जागा अपुरी पडते का?"

"पडते."

"झालं की."

"पण का वाढलाय, ते..."

"ते मी विचारणारच नाही."

संध्याकाळी बहिणीच्या घरी या विषयावर बैठक झाली. बहीण एरवी आमच्याशी फार बोलत नाही, कारण तिच्या मते आम्ही दोघांनी मिळून काही केलेलं नाही. पण मुलीच्या नोकरीचा प्रश्न होता. तिने चहा ठेवला, दोघांना समोर बसवलं आणि अध्यक्षांना म्हणाली, "तू जन्मापासून कुणी न विचारता बोलत आलास. माझ्या लेकीसाठी एवढं एक कर. कुणी विचारलं तरी बोलू नकोस."

"ताई, मुलाखत आहे ती. गप्प कसा बसू?"

"हो म्हण. वाढलाय म्हण. आणि नमस्कार कर. मोठमोठी माणसं एवढ्यावर मुलाखती देतात."

"आणि माझं काय काम?" मी विचारलं.

"तू त्याच्याकडे डोळे वटारून बस, दादा. आयुष्यात कुठे वटारले नाहीस, इथे वटार."

भाचीने त्या रात्री मामाकडून उत्तरं पाठ करून घेतली. मधे एकदा मी पाणी प्यायला उठलो, तेव्हा ती मला म्हणाली, "मोठे मामा, हे झालं नाही तर मी सोमवारपासून घरी. आई काही बोलणार नाही. ती नुसती भांडी जरा आपटून ठेवेल." ती हसत होती, पण नखं कुरतडून कुरतडून तिच्या बोटांची पार दशा झाली होती. तेव्हा मी डोळे वटारायचं मनावर घेतलं.

चित्रीकरणाच्या दिवशी कॅमेरावाला आला. हा गृहस्थ कमी बोलायचा आणि सगळ्याकडे एक डोळा मिटून बघायचा. अध्यक्षांनी त्याच्यासाठी खास खुर्च्या सरळ करून ओळीने मांडल्या होत्या. कॅमेरावाल्याने मान हलवली.

"ह्या नको. पूर्वीसारख्या ठेवा."

"उलट्या?"

"उलट्याच. पाय वर. जंगल वाटतं. वाढीचा फील येतो."

मग सगळ्या खुर्च्या पुन्हा उलट्या झाल्या. अध्यक्ष इस्त्रीचा शर्ट घालून मध्ये उभे राहिले आणि चहूबाजूंनी चाकं त्यांच्याकडे टोकं करून उभी राहिली. मी कॅमेऱ्याच्या मागे बसून डोळे वटारले. न्हाव्याने भांग पाडून दिला होता, म्हणून तो आपली कलाकृती बघायला दारात थांबला.

"धंदा वाढलाय का?" भाचीने विचारलं.

"वाढलाय." अध्यक्षांनी नमस्कार केला.

"किती?"

"गोदाम पुरत नाही."

"पुढे काय विचार आहे?"

"असंच चाललं तर शेजारचा गाळा घ्यावा लागेल."

सगळं इतकं छान चाललं होतं की मी डोळे थोडे मिटले. तिथेच घात झाला. भाची मुळात हुशार मुलगी, बातमीदारीच्या परीक्षेत पहिली आलेली. जीभ सवयीने पुढे गेली आणि तिने विचारलं, "आणि या भरभराटीचं कारण काय?"

विचारलं आणि तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला.

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी वटारले. पण त्यांचा चेहरा असा झाला होता की त्यांना शिंक आलीय आणि ती दाबायची कशी ते कळत नाहीये.

"ऑफिसं बंद पडतायत ना," ते म्हणाले. आणि मग बांध फुटला. "आधी ते सहलीवाले गेले. मग जाहिरातवाले गेले, त्यांच्या लाल खुर्च्या, त्या कुणी घेत नाही. आता हे विमावाले. त्यांचे चार मजले होते, आठवडाभर लॉऱ्या चालल्यात. मी तर म्हणतो, हाच वेग राहिला तर वर्षभरात बसायला माणूस राहणार नाही, नुसत्या खुर्च्या."

 दारातून न्हावी म्हणाला, "भांग मात्र हलला नाही."

कॅमेरावाल्याने डोळा उघडला. "आवाज स्वच्छ आलाय," तो म्हणाला आणि वायर गुंडाळू लागला.

भाची जाताना नुसती म्हणाली, "येते मामा." अध्यक्षांनी तिला एक चांगली, मान टेकता येणारी खुर्ची देऊ केली. तिने नको म्हटलं.

बातमी लागली तेव्हा आम्ही सगळे न्हाव्याकडे होतो, कारण तिथे आवाज होता. बहीणही आली होती आणि फिरत्या खुर्चीत आरशाकडे पाठ करून बसली होती. पडद्यावर अध्यक्ष आले. "वाढलाय," ते म्हणाले. "गोदाम पुरत नाही. शेजारचा गाळा घ्यावा लागेल." नमस्कार. मग सुटाबुटातले एक तज्ज्ञ आले आणि फर्निचरला उठाव म्हणजे ऑफिसांना उठाव, ऑफिसांना उठाव म्हणजे नोकऱ्यांना उठाव, असं त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. मग बाण वर गेला. मग साबण.

"बाकीचं कुठे गेलं?" अध्यक्ष म्हणाले.

"कापलं," न्हावी म्हणाला. "आमच्यासारखंच काम आहे त्यांचं. फक्त गिऱ्हाइकाला आरसा दाखवत नाहीत."

बहिणीने मात्र समाधानाने मान हलवली. "जन्मात पहिल्यांदा नेमकं बोललास बघ," ती भावाला म्हणाली.

पण कापणाऱ्याने बोलणं कापलं होतं, खुर्च्या कापल्या नव्हत्या. आणि त्या उलट्या होत्या.

ज्यांनी ऑफिसात नोकरी केलीय त्यांना ठाऊक असेल, की तिथे माणूस एक वेळ बायकोचा वाढदिवस विसरेल पण आपली खुर्ची विसरत नाही. जरा बाहेर गेलं की कुणीतरी चांगली खुर्ची पळवतं आणि आपल्यासमोर हात मोडलेली सरकवतं. म्हणून लोक खुर्चीखाली लिहून ठेवतात. अध्यक्षांच्या मागे जे जंगल उभं होतं त्यातल्या बहुतेक बुंध्यांवर विमा कंपनीचं निळं बोधचिन्ह होतं, म्हणजे त्याच समूहाचं, ज्याची ही वाहिनी. आणि चिन्हाखाली जाड पेनाने लिहिलेलं होतं. 'दावे विभाग, पंख्याखालची.' 'हलवू नये.' 'हलवली तर बघून घेईन.' कॅमेरावाल्याने त्यावरून कॅमेरा अगदी प्रेमाने, सावकाश फिरवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला गेलो तर बाहेर रांग. अध्यक्षांनी माझा हात धरला.

"दादा, मोर्चा आला वाटतं."

पुढे एक बाई होत्या. चष्मा डोक्यावर, पर्स काखेत, चेहरा असा की समोरच्याने आपोआप कागदपत्रं काढावीत.

"काल टीव्हीवर माझी खुर्ची दाखवली," त्या म्हणाल्या.

"बाई, मी सगळं रीतसर उचललंय. पावती आहे."

"मी कुठे नाही म्हणते? मला फक्त बसायचंय."

अध्यक्षांनी बाजू दिली. बाई आत गेल्या आणि मान वाकडी करून खुर्च्यांची पोटं वाचत चालल्या. एका ठिकाणी थांबल्या. हमालाने खुर्ची उतरवून दिली. बाईंनी ती सरळ केली, खालचा दांडा ओढून उंची जुळवली, बसल्या आणि डोळे मिटले.

"हिचा डावा हात मीच मोडलाय," त्या म्हणाल्या. "आगीच्या दाव्यात. एका माणसाचं गोदाम जळालं आणि आम्ही म्हटलं, तुमच्या अर्जात ज्वाला असं लिहिलंय, आमच्याकडे धूर बसतो. नाही म्हणताना जोर लागला."

मागून बाकीचे आले. सगळे दावे विभागाचेच होते. ज्याला त्याला आपली खुर्ची सापडू लागली आणि जिथे जागा मिळेल तिथे ती मांडली जाऊ लागली. दुपार व्हायच्या आत दुकानाच्या मधोमध त्यांचा मजला उभा राहिला होता, जसा होता तसा. खिडकीजवळचे खिडकीजवळ. पंखा नव्हता, पण पंख्याखालच्या जागेवरून भांडण मात्र सुरू झालं. कुणीतरी डबा उघडला, त्यावर दुसऱ्याने नाक मुरडलं. त्यांचे साहेब सगळ्यांत उशिरा आले. साहेब दारात दिसताच सगळी मंडळी उठून उभी राहिली. मग एकमेकांकडे बघितलं आणि बसली. साहेब ओशाळले. ते गुपचूप आपली खुर्ची शोधायला लागले. ती सगळ्यांत खाली होती, तिच्यावर बाकीच्या सगळ्या होत्या.

"काढून देऊ?" अध्यक्षांनी विचारलं.

"राहू द्या," साहेब म्हणाले. "स्टूल चालेल."

ही गर्दी न लपण्यासारखी होती. गल्लीतल्या कुणीतरी फोटो काढून सगळीकडे फिरवला आणि तो मुख्य संपादकांपर्यंत गेला. खुर्च्यांच्या दुकानात एवढी झुंबड बघून त्यांना भरून आलं. त्यांनी तासाभरात भाचीला कॅमेऱ्यासकट पाठवलं, आणि या वेळी थेट प्रक्षेपण. कापायला कुणी नको, एवढी तेजी खात्रीची.

भाची आली, तिने दुकान बघितलं आणि तिला काय ते कळलं. कानात अडकवलेल्या यंत्रातून संपादकांचा आवाज बाहेर आम्हालाही ऐकू येत होता. "मागणी म्हण. उसळली म्हण. झुंबड दोनदा म्हण. आणि हे नीट झालं की तू कायम, समजलीस?"

ती बाईंजवळ जाऊन उकिडवी बसली. "तुम्ही इथे का आलात?" तिने हळूच विचारलं.

बाईंनी सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं. चार मजले एका ईमेलने रिकामे झाले होते, आणि वाहिनीने ती बातमी दिली नव्हती.

"तुला काय बोलायचं ते बोल, पोरी," बाई शेवटी म्हणाल्या. "आमचं काही मनाला लावून घेऊ नकोस. आम्हीही जन्मभर त्यांच्यासाठी गोड आवाजात नाहीच म्हणत होतो."

मी एका उलट्या खुर्चीला टेकून उभा होतो. भाचीने एकदा माझ्याकडे बघितलं. आता डोळे वटारायचे की काय करायचं ते मला कळेना. म्हणून मी चष्मा पुसायला घेतला.

कॅमेरावाल्याने बोट वर केलं.

"या दुकानात झुंबड आहे," भाची म्हणाली.  "झुंबड आहे, पण हे कुणी गिऱ्हाईक नाहीत. हे विमा कंपनीच्या दावे विभागातले लोक आहेत. त्यांचं ऑफिस गेल्या महिन्यात बंद झालं. कंपनी आमच्याच समूहाची आहे. काल आमच्या बातमीत त्यांना त्यांच्या खुर्च्या दिसल्या, म्हणून ते बसायला आलेत. एवढंच."

तिने 'एवढंच' म्हटल्यावर कानातलं यंत्र एकदम शांत झालं.   मला वाटलं, संपलं. आता बहीण भांडी आपटणार.

मग स्टुडिओतल्या वृत्तनिवेदकाचा आवाज आला. हा माणूस त्या क्षेत्रात फार मानला जातो, आणि का ते मला त्या दिवशी कळलं. त्याला श्वास घ्यायलाही वेळ लागला नाही.

"किती हृद्य दृश्य!" तो म्हणाला. "म्हणजे प्रेक्षकहो, लोक पुन्हा आपापल्या खुर्च्यांवर परतू लागले आहेत. आणखी काय पुरावा हवा? थोडी विश्रांती घेऊ."

आणि साबण.

भाची तशीच माइक धरून उभी राहिली. कॅमेरावाला वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "आवाज स्वच्छ गेला."

दुसऱ्या दिवशी तिला वर बोलावलं, तेव्हा ती आपला पाण्याचा कप आणि छत्री पिशवीत भरूनच गेली. संध्याकाळी ती पिशवी घेऊन थेट दुकानात आली. दावेवाले तोपर्यंत निघून गेले होते. ते पुढेही रोज येत, पण पाचच्या ठोक्याला एकही दिसत नसे. वेळेची शिस्त त्यांच्या अंगात होती.

"काय झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

"कायम केलं."

"काय म्हणतेस?"

"त्या बातमीला सगळ्यांत जास्त प्रेक्षक मिळाले. समूहाच्या मोठ्या साहेबांच्या बायकोला रडू आलं म्हणे. ते दृश्य आता विम्याच्या जाहिरातीत घेणार आहेत. 'आपली जागा, आपल्यासोबत.' बाईंच्या चेहऱ्यावर संथ संगीत."

तिने पिशवीतली छत्री काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "मी खरं बोलले होते, मामा."

"आम्ही ऐकलं की," मी म्हणालो.

"आणि त्याने काहीच झालं नाही?"

"असं कसं?" न्हावी दारातून म्हणाला. "बढती झाली."

बहिणीने पेढे वाटावेत तशी ती बातमी नातेवाइकांत वाटली. अध्यक्षांनी 'दावे'च्या खुर्च्या विकायच्या नाहीत असं ठरवून टाकलं आणि त्यामुळे त्यांच्या धंद्याचा विक्रीचा अर्धा भाग सुरू होण्याआधीच बंद पडला. समूहाचे शेअर एकदाचे बाजारात आले. बाण वर गेला, मग जरा आडवा झाला, मग पडद्यावर दिसेनासा झाला. त्याच्या जागी हवामान आलं.

आणि एक दिवस अध्यक्षांना फोन आला. वाहिनीच्या व्यवस्थापनाचा माणूस फार आदराने बोलत होता. वाहिनी नव्या, सुटसुटीत रूपात येत आहे, सबब काही सामान अतिरिक्त ठरलं आहे, तर कृपया उचलावं. टेबलं, कपाटं आणि सर्व खुर्च्या.

"सर्व?" अध्यक्षांनी विचारलं.

"सर्व," तो म्हणाला. "आता आमचे सगळे सहकारी उभ्यानेच काम करणार. त्यात चपळाई दिसते."

आम्ही लॉरी घेऊन गेलो. मला दुकानात एकट्याला करमत नाही, म्हणून मीही गेलो. बातम्यांचा मजला खरोखरच सुटसुटीत झाला होता. निम्मे लोक कुठेच नव्हते आणि उरलेले उंच फळ्यांपाशी उभे राहून टाइप करत होते, लग्नाच्या पंगतीत जागा न मिळाल्यासारखे. हमालांनी चाकांच्या खुर्च्या ओळीने ढकलत लिफ्टकडे नेल्या. अध्यक्ष प्रत्येकीला उलटी करून खाली काय लिहिलंय ते वाचत होते. मुख्य संपादकांच्या खुर्चीखाली 'हलवू नये' असं होतं. ती त्यांनी सगळ्यांत आधी हलवली.

काचेपलीकडे स्टुडिओत दिवे लागले होते. वृत्तनिवेदक अतिरिक्त ठरला होता आणि त्याच्या जागी आमची भाची बातम्या देत होती. मोठ्ठा पडदा, त्यावर नवा कोरा बाण, आणि त्याच्या पुढे ती, कोट घालून, ताठ उभी. आत आवाज लावलेला होता, त्यामुळे या खेपेला आम्हाला सगळं नीट ऐकू आलं.

"मंदीचं सावट पूर्णपणे दूर झालं असून," ती वाचत होती, "देश आता आपल्या पायावर भक्कम उभा आहे."

अध्यक्षांनी छाती फुगवली. "आपली पोरगी बघ, दादा."

जाहिराती लागल्या. दिवे मंद झाले. भाचीने काचेतून आम्हाला बघितलं, हात केला, कोटाची बटणं सोडली आणि दार थोडंसं उघडून डोकं बाहेर काढलं. बूट तिने हातात घेतले होते.

"मामा," ती कुजबुजली, "गाडीत एखादं बुटकं स्टूल आहे का हो? कॅमेऱ्यात दिसणार नाही असं?"